डाळिंबी रेक्झिनवरचे चार वार

१

सणासुदीच्या दिवशी सकाळी कोणी आमचं दार वाजवलं, की तो माझ्याकडे आलेला नसतो, हे मला आता पाठ झालं आहे. अख्खी नोकरी मी हुमनाबादच्या जकातनाक्यावर काढली. गोणीत डाळ आहे की आणखी काही, हे मी ट्रकवाल्याच्या तोंडावरून सांगत असे. पण गावात काही भानगड झाली, की लोक माझ्या खांद्यावरून आत डोकावतात आणि विचारतात, "बाई हायत का?"

बाई म्हणजे माझी अक्का, थोरली बहीण इंदिराबाई. मुलींच्या शाळेची हेडबाई होती. पोरींनी ढापलेल्या पेन्सिली शोधता शोधता तिला हा नाद लागला, आणि गावानं तो डोक्यावर घेतला. मला तिचा हेवा वाटतो. सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्या बोलण्यात खोट काढायला नको.

त्या दसऱ्याला दारात उभा होता शंकरप्पा, डाळमिलवाल्या गुरुशांतप्पांचा ड्रायव्हर. आमच्या राज्याचं नाव तेव्हा कर्नाटक नव्हे, अजून म्हैसूरच होतं.

"माणिकराव, बाई हायत का? मालकीणबायनी, निलम्मा अव्वांनी बोलावलंय. गाडी फाडलीया कुणीतरी."

गाडी म्हटल्यावर कुठली, हे हुमनाबादेत विचारावं लागत नसे. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादच्या एका नवाबानं विकायला काढलेली काळी ब्यूक गुरुशांतप्पांच्या वडिलांनी आणली होती. बाहेरून ती अजून चकचकीत होती, पण आतून पार गेली होती. सीटचं कातडं तडकलेलं, स्प्रिंगा वर आलेल्या, छताचं कापड बसणाऱ्याच्या टोपीला लागत असे. या पावसाळ्यात गुरुशांतप्पांनी, म्हणजे गावाच्या अप्पांनी, ती बाजारातल्या सीटवाल्या तात्यारावच्या हवाली केली. तात्यारावनं सगळं उचकटून काढलं, स्प्रिंगा नव्यानं बांधल्या, काथ्या आणि कापूस भरला, आणि आत डाळिंबी रंगाचं रेक्झिन चढवलं. चारी दारांना आतून तसेच पॅड केले, कडेनं पांढऱ्या गोटाची बारीक रेघ. गाडी परवाच घरी आली होती. नवरी बघायला जावं तसं गाव ती बघायला गेलं होतं, आणि आम्हीही गेलो होतो.

मी अक्काच्या आधी चपला घातल्या.

पत्र्याच्या शेडमध्ये ब्यूक उभी होती. चारी दारं सताड उघडी, आणि प्रत्येक पॅडवर एकेक लांब वार. रेक्झिन फाटून आतला कापूस बाहेर आला होता. गुरुशांतप्पा कपाळावर ताजं भस्म लावून, हात मागं बांधून येरझाऱ्या घालत होते.

"बाई, तुमी कामून तरास घेतलात?" ते म्हणाले. "ह्यात शोधायचं काय हाय? काल खंडेनवमी. गावातली सुरी, कात्री, विळी, सगळी पूजेला मांडलेली. पूजेतलं हत्यार कोण उचलंल? फक्त त्या तात्यारावकडं पूजा न्हाई. त्यांनी धर्म बदलला, त्यांचं ते बघतील. पर काल अख्ख्या हुमनाबादात त्याचीच सुरी मोकळी होती."

"पण स्वतःचंच काम तो का फाडेल?" अक्कानं विचारलं.

"परवा मागच्या सीटवर टेकून बसला होता, ऐटीत. स्प्रिंगा बघायलोय म्हणाला. मी चारचौघांत उठवला. त्याचा राग." अप्पांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "त्याचं दुकान माझ्याच जागंत हाय. सकाळीच कुलूप ठोकलंय, आन् कामून ठोकलं ते बाजारात वरडून सांगितलंय. संध्याकाळी बन्नीच्या माळावर गाव सोनं लुटायला जमलं, की पंचांपुढं सांगतो. पुन्हा ह्या बाजारात बसू देणार न्हाई त्याला."

अक्का ऐकत होती की नाही कोण जाणे. ती ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी वाकली होती. तिनं फाटीत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला पांढरी भुकटी लागली होती.

शंकरप्पानं मान पुढं केली आणि त्याचा चेहराच उतरला. "सेलखडी हाय ही," तो म्हणाला. "मशिनीवर रेक्झिन सरकावं म्हणून सीटवाले लावतेत ती."

"झालं की मग," गुरुशांतप्पा म्हणाले.

२

तात्याराव बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. अंगात पांढराशुभ्र सदरा आणि पायजमा. दसरा म्हणजे त्यांच्या दीक्षेचा दिवस, तो विहाराकडे निघाला होता. वाटेत त्याला कळलं की आपल्या दुकानाला कुलूप लागलं आहे आणि बाजार आपल्याला नमकहराम म्हणतो आहे.

अक्काला बघून तो उठला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. त्याची मुलगी अक्काच्या शाळेत शिकली होती, मी तर त्याच्या गाठोड्यांवर नाक्यावर पावती फाडली होती.

"बाई, तुमाला बी वाटतंय का मीच केलं म्हणून?"

"मला काहीच वाटत नाही अजून. काल कुठे होतास?"

"वस्तीतच. विहाराला चुना द्यायचा होता, दिवसभर माणसं संगं होती. अंधार पडल्यावर घरी निजलो. साक्षीला बायको हाय, पर बायकोची साक्ष कोण धरतंय?"

"फाटीत सेलखडी सापडली."

तो भडकलाच. "सेलखडी मी शिवणीखाली लावतो आन् वल्ल्या फडक्यानं पुसून टाकतो! मागं ठेवली तर घाम आला की डाग पडतेत. माझ्या कामावर डाग? बाई, माझ्या बापानं मेलेली ढोरं वढली. छप्पन साली ते सगळं सोडलं आन् मला शिकंदराबादला सीटकाम शिकायला धाडलं. कातड्याला हात न्हाई लावायचा म्हणाला, कापड-रेक्झिन काय ते शीक. बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत असं दुसरं काम दाखवा, मी दुकान सोडून जातो. ते मी फाडीन? त्यापरीस माझं बोट कापून घीन."

माणूस गर्विष्ठ होता खरा. पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो कुलपाकडे बघत राहिला.

"हे दुकान गेलं तर मला दुसरीकडं जागा मिळंल," तो म्हणाला. "पर काम बिघडवणारा म्हणून नाव झालं, तर गाडी कोण देतंय मला?"

मी अक्काला बाजूला घेतलं. "अक्का, मला माणूस सापडलाय."

"कोण?"

मी समोरच्या दुकानाकडे बोट केलं. तिथं बंडेप्पा उंबऱ्यात बसून आमच्याकडेच बघत होता. आणि तो हसत होता.

३

बंडेप्पा मूळचा राजेश्वर गावचा. तात्याराव यायच्या आधी बाजारातला एकुलता एक सीटवाला तोच होता. आता त्याच्याकडे सायकलच्या सीटा आणि टांग्याच्या गाद्या तेवढ्या उरल्या होत्या. माझा सगळा हिशोब चोख होता. त्याच्याकडेही सेलखडी होती, आणि मत्सर तर पोतंभर.

"बंडेप्पा," मी आत शिरताच आवाज चढवला, "काल अंधार पडल्यावर अप्पांच्या शेडमध्ये कशाला गेला होतास?"

त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही. नुसता कोपऱ्याकडे हात केला. तिथं पाटावर त्याची सगळी हत्यारं मांडलेली होती. कात्री, सुऱ्या, दाभण, हातोडी. प्रत्येकावर भस्माचे तीन पट्टे वाळून तडकलेले, वर कुंकवाची टिकली, आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटून बसलेल्या.

"शिवय्या स्वामींनी काल सकाळी पूजा केलीया. ह्यातलं एक जरी हाललं असंल तर दाखवा. भस्माचा पापुद्रा हात लावला की पडतोय."

अक्कानं खाली बसून एकेक हत्यार निरखलं. "हललेलं नाही," ती म्हणाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आन् मी ती गाडी बघून आलोय सकाळी," बंडेप्पा म्हणाला. "बाई, आमी सीटवाले. आमाला पॅड बरबाद करायचा असंल तर शिवण उसवू. गोट मधोमध कापत न्हाई कुणी, आत दोरी असती, सुरी अडकती. ज्यानं फाडलं त्यानं गोटावरनंच दणकून वार वढलाय. त्याला शिवणीचं काईबी कळत न्हाई."

"तुला तात्यारावची बाजू घ्यायची आहे?" अक्कानं विचारलं.

"बाजू? त्याचं वाटोळं झालं तर मी पेढे वाटीन!" बंडेप्पा एकदम उसळला. "तसा टाका मला जमत न्हाई, म्हणून झोप लागत न्हाई मला. परवा मी गर्दीत उभा होतो. लोक अप्पांच्या दारात उभारून म्हणायले, 'तात्यारावची गाडी बघायला आलाव.' तात्यारावची गाडी! माझ्या पोटात आग पडली. पर खोटं कसं बोलू? आज सणाचा दिवस हाय."

अक्कानं चपला घातल्या आणि ती परत शेडकडे चालू लागली. मी मागून गेलो, दुसरं काय करणार?

या वेळी तिनं चारी दारं क्रमानं बघितली. पुढच्या उजव्या दाराच्या फाटीत भुकटी भरपूर. मागच्या उजव्याला कमी. पलीकडच्या बाजूला गेल्यावर मागच्या दाराला जेमतेम बोट माखेल इतकी. पुढच्या डाव्याला काहीच नाही.

"माणिक, सेलखडी शिवतानाची असती तर चारी पॅडांत सारखी असती. ही पात्यावरून आली. पहिल्या दारात पुसली गेली, शेवटच्या दारापर्यंत संपली."

"म्हणजे सीटवाल्याच्या सुरीला सेलखडी लागलेली होती," मी म्हणालो. हार मानायची सवय मला नाही.

तिनं भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला आणि माझं बोट धरून त्यात घासलं. सेलखडी बुळबुळीत असते, साबणासारखी. हे बोटाला खरखरीत लागत होतं. मग तिनं माझं बोट माझ्याच नाकाशी आणलं. तो वास मी लहानपणापासून ओळखत होतो.

"भस्म," मी म्हणालो, आणि माझा मलाच राग आला.

"हो. गाव म्हणतं पूजेतलं हत्यार कोणी उचलणार नाही. पण हे पूजेतूनच उचललंय."

४

आता भस्म म्हटलं तर गाडीच्याही बॉनेटला लावलेलं होतं. मी ते अक्कापुढं मांडून बघितलं. अक्का म्हणाली, बॉनेटवरचं भस्म उडून फाटीच्या आत, कापसापर्यंत जाणार नाही, आणि दारादाराला कमी कमीही होणार नाही. मग मी शंकरप्पाचं नाव घेतलं. नव्या सीटवर चादर टाकूनच बसायचं, असं मालकांनी त्याला बजावलं होतं, आणि इतकी वर्षं जी गाडी तो आपली समजत होता तिच्यात तो पाहुणा झाला होता. जळफळाट त्याचाही होताच.

"मी दिवेलागणीला दुबलगुंडीला गेलो, अप्पाच्या घरी," शंकरप्पा म्हणाला. अप्पा म्हणजे त्याचे वडील. "आमच्या गल्लीत भजन होतं, मीच टाळ धरलेला. सकाळच्या मोटारीनं आलो तवा ही दशा. आन् माझे पाने-पकडी सगळं मालकांच्या देवघरात पूजेला हाय. माझ्याकडं नख कापायला बी काई न्हवतं."

"देवघरात," अक्का म्हणाली. "निलम्मा, मला दर्शन घेऊ देशील का?"

निलम्मा ही गुरुशांतप्पांची बायको. तिनंच अक्काला बोलावणं धाडलं होतं. तात्यारावचं काम तिला फार आवडलं होतं आणि तिला त्याच्यावरचा आरोप पटत नव्हता. आम्ही पाय धुऊन आत गेलो.

देवघरात चांदीची समई होती, मोठी आणि वजनदार, शिवाय पूजेचं सगळं साहित्यही चांदीचं. समोरच्या चौरंगावर घरातली सगळी पाती मांडलेली. दोन विळ्या, शिवणाच्या कात्र्या, वस्तरा, शंकरप्पाचे पाने, आणि मधोमध अप्पांच्या आजोबांचा जंबिया, निजामाच्या काळातला, वाकड्या पात्याचा.

"पूजा कोणी केली?"

"शिवय्या स्वामींनी. त्यांनी भस्म लावलं. मागनं मी एकेकाला कुंकू लावत गेले, मुठीवर न्हाईतर दांड्यावर. एकबी सोडलं न्हाई. उत्तरपूजा आज दुपारी हाय, तंवर कुणी हात लावत न्हाई."

"या खोलीत कोण येतं?"

"मडीनं यायचं असतंय, आंघोळ करून. मी येते आन् हे येतात. शंकरप्पा उंबऱ्याभायेरनंच हत्यारं देतोय. जंबियाला तर माझा बी हात लागत न्हाई, तो घरातल्या कर्त्या पुरुषानंच उचलायचा. मी नुसतं वरनं कुंकू टेकवते."

अक्का बराच वेळ चौरंगाकडे बघत राहिली. मीही बघितलं. मला तरी सगळं जागच्या जागी दिसत होतं, आणि जंबियावरचे भस्माचे पट्टे तर इतरांपेक्षा ठसठशीत होते.

"निलम्मा," अक्का हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांना कुंकू लागलंय का, पुन्हा एकदा बघ."

निलम्मानं एका टोकापासून बघायला सुरुवात केली. विळी, कात्री, वस्तरा. मग तिची नजर थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

जंबियाच्या मुठीवर कुंकू नव्हतं.

५

गुरुशांतप्पा ओसरीवर बसले होते. अक्कानं शंकरप्पाला पाठवून तात्यारावला बोलावून घेतलं. तो अंगणातच उभा राहिला. 'वर ये' असं त्याला कोणी म्हटलं नाही.

"अप्पा," अक्कानं सुरुवात केली, "काल तुमच्या घरात पूजेबाहेर एकही पातं नव्हतं. रिवाजच तसा. म्हणून ज्यानं गाडी फाडली त्याला देवापुढचंच हत्यार उचलावं लागलं. त्यानं जंबिया घेतला. पात्यावरचं भस्म पॅडांत पुसलं गेलं आणि मुठीवरचं कुंकू तळहातात. काम झाल्यावर त्यानं जंबिया पुसला आणि जागेवर ठेवला. पण माणूस भाविक. देवापुढे उघडं पातं ठेवणं त्याला जमेना. म्हणून त्यानं पुन्हा भस्म लावलं, तीन बोटांनी, रोज स्वतःच्या कपाळाला लावतो तसं. म्हणूनच ते पट्टे बाकीच्यांपेक्षा ताजे आहेत. कुंकू मात्र त्याला आठवलं नाही, कारण ते लावणं त्याचं काम नव्हे. जन्मात त्यानं ते लावलेलं नाही. बाईमाणसानं हे केलं असतं तर कुंकू आधी लावलं असतं."

निलम्मा दारात उभी होती.

"त्या खोलीत दोघंच जातो," ती म्हणाली. "मी न्हाई केलं."

गुरुशांतप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग अक्काकडे. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला घालवून देणार. पण ते ओसरीच्या कडेला सरकले आणि अंगणात पाय सोडून बसले.

"गाडी माझी," ते म्हणाले. "माझ्या बापानं आणलेली. मी ती दारात उभी केली, आन् लोक आले. जो तो दार उघडतोय, रेक्झिनवरनं हात फिरवतोय आन् म्हणतोय, तात्याराव, वा रे तात्याराव! माझ्याकडं कुणी बघंना. माझ्याच दारात उभारून तात्यारावची गाडी म्हणतेत. काल जेवताना ही सुद्धा म्हणाली, त्याच्या हाताला देवानं येगळंच काई दिलंय. आजवर माझ्या कशालाच ही असं म्हणाली न्हाई. मला सहन झालं न्हाई, बाई. हेवा वाटला. एका सीटवाल्याचा हेवा वाटला मला."

"आन् माझं नाव कामून घेतलंत?" तात्यारावनं अंगणातून विचारलं.

"फाडून झाल्यावर भ्यालो. आन् डोक्यात दुसरं नावच न्हवतं."

तात्यारावनं जागा सोडली नाही. "मालक, कुलूप तुमी बाजारात लावलं. सांगितलं बी बाजारातच. आता माफी अंगणात मागू नका."

गुरुशांतप्पा उठले, खिशातली किल्ली चाचपली आणि अनवाणीच निघाले. दसऱ्याचा बाजार माणसांनी फुललेला होता. त्यांनी तात्यारावच्या दुकानाचं कुलूप स्वतः काढलं, पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी मी फाडली. ह्यानं न्हाई." आवाज चिरका निघाला, पण ऐकू सगळ्यांना गेला. बंडेप्पा समोर उंबऱ्यातच होता. तो या वेळी हसला नाही. त्याला पेढे वाटायचे होते, ते राहिले.

तात्याराव दुकानात न शिरता विहाराकडे निघून गेला. सणाला उशीर झाला होता.

पुढच्या आठवड्यात गाडी त्याच्या दुकानासमोर उभी राहिली आणि त्यानं कामाला हात घातला. गाडी न्यायला गुरुशांतप्पा आले तेव्हा मी आणि अक्का तिथंच होतो, म्हणजे लोक अक्काशी बोलत होते आणि मी बाजूला उभा होतो. तीन दारांचे पॅड पहिल्यासारखे झाले होते, शिवण कुठे जोडली ते सांगता येत नव्हतं. मागचं डावं दार तसंच होतं, कापूस बाहेर आलेलं.

"ते ऱ्हायलं," अप्पा म्हणाले.

"न्हाई," तात्याराव हात पुसत म्हणाला. "तीन परत केले. चवथ्यावरचा वार तुमचं काम हाय, मालक. दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत न्हाई."

अप्पांचा चेहरा काळवंडला. ते तडक रस्ता ओलांडून बंडेप्पाकडे गेले. बंडेप्पा आला, त्यानं तीन दारं बघितली, चौथं बघितलं, आणि हात जोडले.

"त्याच्या तिनाच्या शेजारी माझं एक?" तो म्हणाला. "न्हाई अप्पा. माझी लाज काढू नका."

ब्यूक पुढं बरीच वर्षं गावात फिरली. शेजारी कोणी पाहुणा असला, की त्याला ती फाट दिसू नये म्हणून गुरुशांतप्पा नेहमी त्याच दाराला खांदा लावून बसत.